अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक कळतो का?

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, कॅन्सस सिटीजवळ वाढलेला, आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स म्हणजे त्याचा देव. परवा त्याचा मेसेज आला, "मामा, ब्रेडीकडे सात रिंग्ज, महोम्सकडे तीन, म्हणजे अजून पाच आणल्या की महोम्स ग्रेटेस्ट ना?" (ब्रेडी हा महोम्सच्या आधीचा क्वार्टरबॅक, आणि रिंग म्हणजे चॅम्पियनशिपची अंगठी.) मी "नाही" टाइप केलं, खोडलं, "हो" टाइप केलं, तेही खोडलं, आणि मग लक्षात आलं की याचं उत्तर एका ओळीत मावणार नाही. म्हणून हा लेख. त्याच्यासाठी आहेच, पण ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधी धड बघितलेला नाही आणि तरी ही भांडणं कानावर पडतात, त्यांच्यासाठी पण.

आधी खेळ थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. एनएफएल नावाची लीग आहे, ३२ टीम, प्रत्येक टीममध्ये ५३ जण, आणि मैदानावर एका वेळी प्रत्येकी ११. आता महत्त्वाची गोष्ट बघा, हे ११ नेहमी तेच नसतात. बॉल आपल्याकडे असला की एक अकरा उतरतात, त्याला ऑफेन्स म्हणतात. बॉल समोरच्यांकडे गेला की हे सगळे बाहेर येऊन बसतात आणि वेगळेच अकरा आत जातात, तो डिफेन्स. किक मारायची वेळ आली की अजून तिसराच ताफा. क्वार्टरबॅक हा ऑफेन्सचा माणूस. दर चालीला बॉल आधी त्याच्या हातात येतो, दोनतीन सेकंदात त्याला ठरवायचं असतं की कुणाला फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, की स्वतः पळायचं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे दीडशे किलोची माणसं त्याला आडवा करायला धावत येत असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, मग परत चार प्रयत्न, असं करत शेवटच्या पट्टीत पोचलं की टचडाऊन. नाही जमलं तर किकर येऊन फील्ड गोल मारतो, त्याचे तीन पॉइंट.

म्हणजे टीममध्ये एकच माणूस निवडायचा म्हटलं तर कुणीही क्वार्टरबॅकच निवडेल, यात वाद नाही. पण अर्धी मॅच तो बाकावर बसलेला असतो. समोरच्या टीमला रोखायला तो आत जात नाही आणि शेवटची किकही तो मारत नाही. हे डोक्यात ठेवा, कारण सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

आणि अंगठीचं म्हणाल तर फायनलला सुपर बोल म्हणतात, तो जिंकणाऱ्या टीमच्या प्रत्येक खेळाडूला हिऱ्यांनी मढवलेली भली मोठी अंगठी मिळते. त्यामुळे "किती चॅम्पियनशिप" असं न विचारता लोक "किती रिंग्ज" असंच विचारतात.

आता मला ज्या दोन मॅचनी हा विषय कळला त्या सांगतो. मी तेव्हा बॉस्टनजवळ नोकरीला होतो, सगळं ऑफिस न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं, आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. त्या रात्री चाळिशीच्या ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले, तीन टचडाऊन, एकही पास समोरच्यांना पकडू दिला नाही, म्हणजे इंटरसेप्शन शून्य. पेट्रियट्सना अख्ख्या मॅचमध्ये एकदाही पंट करावं लागलं नाही, म्हणजे चाल फसली म्हणून बॉल लाथेने लांब टोलवून देणं जे असतं ते एकदाही नाही. एवढं करून हरले, ४१-३३. ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स, तो पण बदली खेळाडू, मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ डिसेंबरमध्ये गुडघा फुटून बाहेर गेला म्हणून आलेला, आणि पेट्रियट्सच्या डिफेन्सला तो रात्रभर थांबवता आला नाही. हो, शेवटी दोन सव्वादोन मिनिटं उरलेली असताना ब्रेडीच्या हातून बॉल झटकला गेला, ते खरंय, पण चाळीसच्या वर पॉइंट खाणारा डिफेन्स असल्यावर क्वार्टरबॅकने अजून काय करायचं?

बरोबर एक वर्षाने, ३ फेब्रुवारी २०१९, अटलांटा, समोर लॉस एंजेलिस रॅम्स. ब्रेडीचा पहिलाच पास समोरच्यांनी पकडला. पूर्ण मॅचमध्ये त्याने एकही टचडाऊन पास टाकला नाही. २६२ यार्ड, शून्य टचडाऊन, एक इंटरसेप्शन. आणि जिंकले, १३-३, सुपर बोलच्या इतिहासातली सगळ्यात कमी पॉइंटची मॅच. यावेळी डिफेन्सने समोरच्यांना तीनच पॉइंट दिले होते.

तर हिशोब असा झाला की मोठ्या खेळाची रात्र अंगठीत शून्य भरते आणि साध्या खेळाची रात्र एक. अंगठीनेच थोरवी ठरवायची असेल तर आपल्याला म्हणावं लागेल की २०१९चा ब्रेडी २०१८च्या ब्रेडीपेक्षा भारी खेळला, आणि ज्याने दोन्ही मॅच बघितल्यात तो असं म्हणूच शकत नाही.

हे एकट्या ब्रेडीचं नाहीये. पेटन मॅनिंग घ्या. २०१३च्या सीझनमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून त्याने ५५ टचडाऊन आणि ५,४७७ यार्ड फेकले, दोन्ही तेव्हाचे विक्रम, आणि फायनलला सिॲटलकडून ४३-८ असा मार खाल्ला. दोन वर्षांनी तोच मॅनिंग, वय ३९, पाय दुखावलेला, हातात जोर राहिलेला नाही, सीझनमध्ये ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन, मध्ये काही मॅच बाहेर पण बसवलेला. आणि त्या वर्षी डेन्व्हर जिंकलं, २४-१०, कारण त्यांचा डिफेन्स तेव्हा लीगमध्ये सगळ्यात खतरनाक होता आणि फायनलचा हिरो ठरला तो पण डिफेन्सचा वॉन मिलर. मॅनिंगच्या दोन अंगठ्यांपैकी एक त्याच्या सगळ्यात वाईट वर्षातली आहे. ती त्याची नाही असं मी म्हणत नाहीये, अठरा वर्षं घासलेल्या माणसाला ती मिळाली याचा मला आनंदच आहे. पण तिच्यावरून त्याचा खेळ मोजू नका.

सगळ्यात टोकाची जोडी म्हणजे ट्रेंट डिल्फर आणि डॅन मारिनो. हे नाव न घेता या विषयावरचं भांडण संपतच नाही. डिल्फर २०००च्या सीझनमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक, तोही अर्ध्या सीझननंतर झालेला. त्या वर्षी बाल्टिमोरच्या ऑफेन्सला सलग पाच मॅच एकही टचडाऊन करता आला नव्हता, आणि तरी त्यातल्या दोन ते जिंकले! कारण त्या डिफेन्सने १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ पॉइंट दिले, १६ मॅचच्या सीझनमधला तो विक्रम आहे. फायनल ३४-७, आणि समोरच्यांचे ते सात पण किक परत पळवून आणताना झालेले, डिफेन्सवर नाही. डिल्फरने बॉल सांभाळला, चुका टाळल्या, १५३ यार्ड फेकले, अंगठी मिळाली. पुढच्या सीझनला त्याच क्लबने त्याला ठेवलं नाही, दुसरा क्वार्टरबॅक आणला. म्हणजे ज्यांनी ती अंगठी त्याच्यासोबत जिंकली त्यांनाच माहीत होतं की ती कशामुळे आली.

आणि मारिनो, मायामी डॉल्फिन्सचा. १९८४ साली, लीगमधलं त्याचं दुसरंच वर्ष, ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन. त्याच्या आधी कुणी ४० टचडाऊनपर्यंत पण पोचलं नव्हतं. त्याचा यार्डांचा विक्रम २०११ पर्यंत टिकला, सत्तावीस वर्षं. जानेवारी १९८५ मध्ये फायनलला गेला, समोर सॅन फ्रान्सिस्को आणि त्यांचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना, ३८-१६ हरला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, तेवीस वर्षांचा पोरगा आहे, परत परत येईल. १९९९ पर्यंत खेळला, परत कधीच फायनलला पोचला नाही. जुने व्हिडिओ शोधून बघा, बॉल हातातून किती झटकन सुटायचा ते. मनगट हललेलं दिसेपर्यंत बॉल गेलेला असायचा. अंगठ्यांच्या हिशोबात डिल्फर एक, मारिनो शून्य. ज्या मोजपट्टीने हे उत्तर येतं ती मोजपट्टी क्वार्टरबॅकची नाही, टीमची आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आपल्याकडच्या माणसाला हे सांगायला क्रिकेट बरं पडतं. सचिनने २००३च्या वर्ल्ड कपमध्ये ६७३ रन केल्या, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि फायनलला पहिल्याच ओव्हरमध्ये मॅकग्राकडून आउट, ऑस्ट्रेलियाने १२५ रननी हरवलं. २०११ला वानखेडेवर फायनल जिंकली तेव्हा त्याच्या १८ रन होत्या, मॅच काढली गंभीरच्या ९७ने आणि धोनीच्या नाबाद ९१ने. आता २ एप्रिल २०११च्या आधी सचिन कमी मोठा होता आणि त्या रात्री मोठा झाला असं कुणी म्हणेल का? त्या रात्री त्याचं स्वप्न पूर्ण झालं, आपलं पण झालं, ती वेगळी गोष्ट. मोठा तो आधीपासूनच होता.

बरं, नशिबाचा भाग किती असतो ते पण बघू, कारण लोक तिथे फसतात. एनएफएलमध्ये बाद फेरी एका मॅचची असते. बास्केटबॉलसारखं सातातून चार जिंका असं नाही, एक दिवस वाईट गेला की घरी. समजा तुमची टीम इतकी दणकट आहे की समोर कुणीही आलं तरी जिंकायची शक्यता ७५ टक्के, म्हणजे चारातल्या तीन मॅच तुमच्या. हे खूप झालं, एवढी तगडी टीम क्वचित असते. तरी ओळीने तीन मॅच जिंकायची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, साधारण ४२ टक्के. चार जिंकायच्या असतील तर ३२च्या आत. म्हणजे लीगमधली सगळ्यात तगडी टीम असूनसुद्धा अंगठी न मिळायचीच शक्यता जास्त. मग ज्या वर्षी मिळाली नाही त्या वर्षी क्वार्टरबॅक कमी पडला असं धरून कसं चालेल?

आणि त्यात परत इंचांचा खेळ. बफेलो बिल्सचा जिम केली ओळीने चार वर्षं फायनलला गेला आणि चारही हरला. त्यातली पहिली, जानेवारी १९९१, २०-१९ गेली. शेवटच्या काही सेकंदांत केलीने टीमला किक मारण्याइतपत पुढे आणून ठेवलं होतं आणि किकरची ४७ यार्डांवरची किक खांबाच्या उजवीकडून गेली. केली बाजूला उभा राहून बघत होता. याच्या उलट ब्रेडीची पहिली अंगठी, फेब्रुवारी २००२. त्याने पण शेवटच्या दीड मिनिटात टीमला तसंच पुढे आणलं, आणि ॲडम व्हिनाटिएरीची ४८ यार्डांची किक मधोमध गेली, २०-१७. दोन्ही क्वार्टरबॅकनी जवळपास सारखंच काम केलं. एकाच्या नावापुढे "चार फायनल हरलेला" लागलं आणि दुसऱ्याची दंतकथा सुरू झाली. मी ब्रेडीचा माणूस आहे, तरी हे मला मान्य करावंच लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला उडवून लावायची नाहीये, कारण अंगठ्या मोजणारे लोक वेडे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आकड्यांवर तरी किती विसंबणार? काळ बदलला की आकडे बदलतात. १९७८ला नियम बदलला, पास पकडणाऱ्याला पाच यार्डांच्या पुढे धरायला, ढकलायला बंदी आली, पुढे क्वार्टरबॅकला धडकण्यावरही बंधनं येत गेली, त्यामुळे फेकणं सोपं झालं. मारिनोचे ते ५,००० यार्ड एकेकाळी आभाळाएवढे वाटायचे, २०११ला एकाच सीझनमध्ये तिघांनी ५,००० ओलांडले, आणि आता डझनभराहून जास्त वेळा झालंय. २०१९ला टॅम्पा बेच्या जेमिस विन्स्टनने ५,१०९ यार्ड आणि ३३ टचडाऊन फेकले, ऐकायला जबरदस्त वाटतं, पण सोबत ३० इंटरसेप्शन, आणि टीम ७-९, म्हणजे सात मॅच जिंकल्या, नऊ हरल्या. म्हणजे मोठा आकडा आणि मोठा क्वार्टरबॅक ही एकच गोष्ट नाही. तर मग, हे लोक म्हणतात, खेळ जिंकण्यासाठीच असतो ना, १९७४ असो की २०२४, चॅम्पियन एकच असतो, मग तेच मोजा. शिवाय मोठ्या मॅचचा दाब असतो. तिथे हात कापत नाहीत असा माणूस वेगळाच, आणि ती गोष्ट सीझनच्या सरासरीत दिसत नाही.

दाबाचं मला पूर्ण पटतं. फेब्रुवारी २०१७च्या फायनलला ब्रेडीचे पेट्रियट्स अटलांटाविरुद्ध २८-३ मागे असताना जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या शेजारची मंडळी तिसऱ्या क्वार्टरला जॅकेट घालून निघाली होती, ती दारातच थांबली. ३४-२८ जिंकले. असं काही बघितल्यावर "सगळं नशीब असतं" असं मी तरी म्हणणार नाही.

पण चॅम्पियनशिप हे सगळ्या काळात सारखं माप आहे, हे मात्र खरं नाही. ऑटो ग्रॅम नावाचा क्वार्टरबॅक होऊन गेला, क्लीव्हलँड ब्राउन्सचा, १९४६ ते १९५५. दहा वर्षं खेळला, दहाही वर्षं आपल्या लीगच्या फायनलला, त्यातल्या सात जिंकला, चार आधीच्या एका वेगळ्या लीगमध्ये आणि तीन एनएफएलमध्ये. म्हणजे ब्रेडीएवढ्याच सात, त्याही निम्म्याहून कमी वर्षांत. बार्ट स्टार या क्वार्टरबॅकच्या ग्रीन बेकडून पाच, मॉन्टानाहून एक जास्त. आता मला सांगा, "रिंग्ज इज एव्हरीथिंग" म्हणणाऱ्या कुणी तुम्हाला ग्रॅमचं नाव घेतलेलं ऐकलंय? नाही ना. कारण आतून सगळ्यांना माहीत असतं की दहाबारा टीमच्या लीगमधली चॅम्पियनशिप आणि ३२ टीममधली चॅम्पियनशिप एक नाही. १९९४ला सॅलरी कॅप आली, म्हणजे एका टीमने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा, त्यामुळे सगळे भारी खेळाडू एकत्र धरून ठेवणं अवघड झालं. मॉन्टानाच्या चारही अंगठ्या त्याच्या आधीच्या. मॉन्टाना छोटा होतो असं नाही, पण चार म्हणजे नक्की चार किलो असा तो हिशोब राहत नाही.

याच भांडणातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. मॉन्टाना फायनलमध्ये ४-०, कधीच हरला नाही, अकरा टचडाऊन, एकही इंटरसेप्शन नाही, अप्रतिम आहे ते. पण त्यावरून लोक म्हणायचे की ब्रेडी फायनल हरलाय म्हणून तो मॉन्टानाच्या खाली. अरे, मॉन्टाना ज्या वर्षी फायनलला गेला नाही त्या वर्षी तो काय जिंकला होता का? १९८५, ८६, ८७, तीन वर्षं ओळीने तो बाद फेरीतल्या पहिल्याच मॅचला बाहेर पडला. घरी लवकर गेलेलं मोजायचं नाही आणि शेवटपर्यंत पोचून हरलेलं मोजायचं, हे म्हणजे दहावीत नापास झालेल्याला सोडून द्यायचं आणि बोर्डात दुसरा आलेल्याला विचारायचं की पहिला का नाही आलास.

तर मग माझं मत काय. मी ब्रेडीलाच सगळ्यात मोठा मानतो, पण सात अंगठ्यांमुळे नाही. माझा आकडा दहा आहे, दहा फायनल.

सांगतो का ते. पेट्रियट्सकडून जिंकलेल्या सहा फायनलमधलं अंतर बघा: तीन पॉइंट, तीन, तीन, चार, सहा आणि दहा. हरलेल्या तीन: तीन पॉइंट, चार, आठ. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फायनल शेवटच्या एकदोन चालींवर. सिॲटलविरुद्धची २०१५ची मॅच शेवटी वाचवली माल्कम बटलरने, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतला नव्हता असा पहिल्याच वर्षाचा पोरगा, त्याने अगदी रेषेवर बॉल पकडला आणि ब्रेडी तेव्हा बाकावर होता. फेब्रुवारी २००८च्या फायनलला न्यूयॉर्क जायंट्सच्या डेव्हिड टायरीने बॉल हेल्मेटला दाबून धरला आणि पेट्रियट्सचा एकही न हरलेला सीझन तिथे संपला, तेव्हा पण ब्रेडी बाकावरच. इकडची एक चाल तिकडे झाली असती तर ब्रेडीकडे चार अंगठ्या असत्या, नाहीतर नऊ. सात हा आकडा हलका आहे, फुंकर मारली तर हलतो.

दहा हलत नाही. ३२ टीम, त्यातल्या दोन फायनलला, म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर कुठल्याही टीमला साधारण सोळा वर्षांतून एकदा संधी. ब्रेडी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून २१ सीझन खेळला, २००८च्या सीझनला पहिल्याच मॅचला गुडघा गेला ते वर्ष सोडून. २१ वर्षांत चिठ्ठीने एक, फार तर दोन फायनल आल्या असत्या. आल्या दहा. एका मॅचमध्ये नशीब सगळं उलटंपालटं करू शकतं, वीस वर्षं ओळीने एकाच माणसाच्या बाजूने उभं राहत नाही. एका अंगठीवरून क्वार्टरबॅकबद्दल फार काही कळत नाही, पण एवढा मोठा काळ, एवढे वेगवेगळे साथीदार, आणि दरवेळी टीम तिथेच पोचते, यातून बरंच कळतं.

यात सगळं श्रेय त्याचं का, तर नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. दहापैकी नऊ फायनल कोच बिल बेलिचिकच्या हाताखाली. २००८च्या सीझनला ब्रेडी नसताना बदली क्वार्टरबॅक मॅट कॅसलसोबत पेट्रियट्स ११-५ गेले, बाद फेरी हुकली पण ११-५ ही चांगली टीमच असते. म्हणजे क्लब स्वतःही भक्कम होता. पण मग २०२०ला तो ४३व्या वर्षी टॅम्पा बेला गेला, तीच टीम जिचं विन्स्टनसोबत ७-९ झालं होतं, तोच कोच ब्रूस एरियन्स, पास पकडणारे माइक एव्हान्स आणि ख्रिस गॉडविन पण तेच. ११-५ आणि चॅम्पियन. अर्थात पेट्रियट्समधला जुना साथीदार ग्रॉन्कोव्स्कीला तो सोबत घेऊन गेला, अजून चांगली माणसं आली, आणि फायनलला टॅम्पाच्या डिफेन्सने महोम्सला एकही टचडाऊन करू दिला नाही, ३१-९. त्याच वर्षी पेट्रियट्स ७-९. एका वर्षाचा पुरावा आहे, फार ताणू नये, पण मला तो बेलिचिक की ब्रेडी या भांडणात सगळ्यात जड वाटतो.

म्हणून मी क्वार्टरबॅक बघताना विचारतो की जे त्याच्या हातात होतं ते त्याने कसं केलं, किती वर्षं केलं, आणि टीम कितीदा दारापर्यंत आणली. आत शिरायला मिळालं की नाही ते शेवटी विचारतो. या हिशोबात मारिनो पहिल्या पाचात येतो आणि डिल्फर येत नाही, आणि महोम्स, ज्याने २०१८ ते २०२४ या सात सीझनमध्ये पाच फायनल गाठल्या, तो ब्रेडीच्या जवळ आत्ताच आलाय, अजून पाच अंगठ्यांची वाट न बघता.

हे सगळं भाच्याला लिहिलं. त्याला शेवटचं वाक्य तेवढं आवडलं, बाकीचं पटलं नाही. "पण मामा, शेवटी जिंकतो तो जिंकतो ना." मग मी त्याला जानेवारी २०१९ची आठवण करून दिली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. पेट्रियट्सविरुद्धची सेमीफायनल म्हणा, कॅन्सस सिटी २८-२४ पुढे, एक मिनिट उरलेलं, ब्रेडीचा पास त्यांनी पकडला, मॅच संपल्यात जमा. पण कॅन्सस सिटीचा डी फोर्ड रेषेच्या थोडा पुढे उभा होता म्हणून ती चालच बाद झाली. मग ३१-३१, जादा वेळ, टॉस पेट्रियट्सनी जिंकला, तेव्हाच्या नियमाने पहिल्यांदा बॉल मिळालेल्या टीमने टचडाऊन केला की मॅच खलास, आणि ब्रेडीने टीमला टचडाऊनपर्यंत नेलं. दोन आठवड्यांनी ती १३-३ वाली सहावी अंगठी. सेमीफायनलच्या त्या रात्री भाचा रडत झोपला होता, ताईने मला फोनवर सांगितलं होतं.

मी विचारलं, "त्या रात्री महोम्स कुठे कमी पडला?"

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "कुठेच नाही. त्याला बॉलच नाही दिला."

मी लिहिलं, आता जानेवारी २०२२ची बफेलोची मॅच लाव. तू ती दहा वेळा बघितली आहेस मला माहितेय, तेरा सेकंद उरलेले असताना आपण, म्हणजे तुझी कॅन्सस सिटी, मागे होतो आणि महोम्सने ती कशी बरोबरीत आणली ते तुला पाठ आहे. पण यावेळी बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनकडे बघ. ३२९ यार्ड, चार टचडाऊन, शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा टीमला पुढे काढली. मग टॉस आपण जिंकला, टचडाऊन आपण केला, ४२-३६. दोन महिन्यांनी लीगने बाद फेरीसाठी नियम बदलला, दोन्ही टीमना एकदा तरी बॉल मिळालाच पाहिजे असा. शेवटचा टचडाऊन झाला की लगेच व्हिडिओ बंद करू नकोस, जादा वेळात बाजूला उभं राहून नुसतं बघावं लागलेल्या ॲलनचा विचार कर.